जोड कोण होता?

कोल्हापूरला निघताना घरच्यांनी अंबाबाईच्या दर्शनाची आठवण करून दिली आणि मित्रांनी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची ठिकाणे लिहून दिली. मी मात्र एक जुना प्रश्न सोबत घेऊन निघालो होतो. गेली पंधराएक वर्षे मी स्वतंत्र व्यावसायिक रेसलिंग मनापासून पाहत आलो आहे. दूरचित्रवाणीवरच्या बड्या कंपनीच्या बाहेर, शाळांच्या व्यायामशाळांत, क्लबांत आणि लहानशा सभागृहांत रिंग उभारून हे रेसलिंग चालते. त्यातले रेसलर आपल्या तारखा आपणच ठरवतात, रात्रभर गाडी हाकत पुढच्या गावी पोहोचतात आणि खेळ संपल्यावर टेबल मांडून स्वतःचे टी-शर्ट विकतात. निकाल आधी ठरलेला असतो हे पाहणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. नाटकाचा शेवट लिहिलेला असतो म्हणून आपण नाटकाला खोटे म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी होती. या क्षेत्रात काही नावे त्यांच्या कामाच्या मानाने एवढी मोठी कशी होतात, हे मला उमगत नव्हते.

ही तक्रार मनात बसली ती मुंबईच्या एका उपनगरातील सभागृहात. ज्याच्या चित्रफिती मी वारंवार पाहिल्या होत्या, तो रेसलर त्या संध्याकाळी प्रत्यक्ष माझ्यापासून दहा फुटांवर होता. त्याने आपल्या सगळ्या प्रसिद्ध उड्या मारल्या आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पण दोन उड्यांच्या मधल्या काळात त्याच्याकडे करण्यासारखे काहीच नव्हते. प्रतिस्पर्ध्याने पाच मिनिटे त्याचा गुडघा पिळला, त्यावर सगळी लढत उभी केली, आणि त्यानंतर हा गृहस्थ त्याच गुडघ्यावर जोर देऊन वरच्या दोरावर सहज चढला. मी फार खिन्न मनाने घरी आलो. हे एका मित्राला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "माझे काका वस्ताद आहेत. चैत्रात यात्रांची मैदाने असतात. एकदा येऊन बघ, आमच्याकडे नाव कसे तोलतात ते."

पहाटे चारच्या सुमारास मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलो, तेव्हा मित्र मोटारसायकल घेऊन उभा होता. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. तिथे समोर पिळलेले, फेसाळलेले कोमट दूध पेलाभर पिऊन आम्ही शिवाजी पेठेतल्या एका जुन्या तालमीत गेलो. दगडी भिंती, बुटका दरवाजा, कोनाड्यात शेंदूर चढवलेला मारुती आणि त्याच्याशेजारी शाहू महाराजांची तसबीर. दोन मुले खोऱ्याने कुस्तीचा हौदा उकरत होती. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर मुरवलेला असतो, त्यामुळे ती खणली जाताना येणारा वास दमट, आंबूस आणि तरीही स्वच्छ असतो. तो दिवसभर माझ्या कपड्यांना होता.

वस्ताद कडेला लाकडी बाकावर बसले होते. वय सत्तरीच्या पुढचे, दोन्ही कान फुटून कवडीसारखे झालेले, आवाज मात्र हळू. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी मला बाकावर जागा करून दिली आणि पुढचे दोन तास ते मुख्यतः गप्पच राहिले. समोर मुले जोर मारत होती, बैठका काढत होती, मग लढतींना सुरुवात झाली. त्यांतला एक उंचापुरा, देखणा मुलगा सगळ्यांना भराभर खाली घेत होता आणि माझी नजर त्याच्यावरून हलत नव्हती. मी वस्तादांना म्हणालो, "हा पुढे मोठा पैलवान होईल, नाही का?"

ते म्हणाले, "पावणं, त्येच्या अंगाला कोण लागलंय त्ये बघा की. सगळी त्येच्यापेक्षा ल्हान पोरं. आज मीच तशी लावल्यात, त्येचा खांदा दुखावलाय म्हणून. नाव कुणाचं बी मोठं हुतंय. जोड कोण हुता, त्ये आदी इचारायचं."

जोड हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण त्याचा एवढा सरळ उपयोग मला कधी सुचला नव्हता. पैलवानाच्या वजनाचा, वयाचा, तयारीचा अंदाज घेऊन त्याच्यासमोर कोणाला उभे करायचे, हे ठरवणे म्हणजे जोड लावणे; मैदान भरवणाऱ्यांचे खरे कसब त्यातच असते. स्वतंत्र रेसलिंगमध्येही कोण कोणाशी लढणार हे ठरवणारा माणूस असतो, आणि तिथे तर जोडीदाराचे काम दुप्पट महत्त्वाचे, कारण उचलून आपटला जाणारा माणूस स्वतः उडी घेतल्याशिवाय उचलला जात नाही. फेकणाऱ्याला टाळी मिळते. पण फेक सुरेख दिसते ती पडणाऱ्याच्या अंगातल्या कौशल्यामुळे. मुंबईत मी पाहिलेल्या त्या रेसलरच्या गाजलेल्या चित्रफिती कोणाबरोबरच्या होत्या, हे मला आठवेना. मी कधी पाहिलेच नव्हते.

दुपारी उन्हातच खासबाग मैदान पाहायला गेलो. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोममधील प्राचीन क्रीडागार पाहिले आणि तशी वास्तू आपल्या नगरीत असावी म्हणून हे मैदान बांधून घेतले. ते १९१२ साली पूर्ण झाले. मधोमध हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची टाच दिसते. मला अधिक भावली ती मात्र मैदानाला लागून असलेली वास्तू. महाराजांनी कुस्तीच्या मैदानाला खेटूनच नाट्यगृह उभारले; १९१५ साली सुरू झालेले ते पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले, तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले. एका बाजूला माती आणि दुसऱ्या बाजूला रंगभूमी, अशा त्या जागेत उभा असताना मला वाटले की माझ्या आवडीचे रेसलिंग नेमके या दोन वास्तूंच्या मधल्या भिंतीवर राहते. त्याला दोन्हीकडचे काम आले पाहिजे. ज्याला मातीकडचे येत नाही आणि रंगभूमीकडचेही येत नाही, फक्त भिंतीवरून उडी मारता येते, त्याचेच नाव फुगते.

संध्याकाळी वस्तादांच्या घरी चहा घेताना मी त्यांना एक गोष्ट सांगितली. गामा पैलवान १९१० साली लंडनला गेला, तेव्हा पोलंडचा झिबिस्को त्याच्यासमोर अडीच तासांहून अधिक काळ मातीला चिकटल्यासारखा पोटावर पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढत ठरली, तर तो आलाच नाही. वस्तादांना एवढे ठाऊक होतेच. १९२८ साली पतियाळात गामाने त्याच झिबिस्कोला मिनिटभराच्या आत चित केले, हेही त्यांनीच मला सांगितले. मधली गोष्ट मात्र त्यांना नवी होती. १९२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या व्यावसायिक रेसलिंगच्या चालकांनी वेन मन नावाच्या एका धिप्पाड फुटबॉलपटूला जगज्जेता केले. त्याला कुस्ती येत नव्हती. त्याचा आकार आणि त्याचे फुटबॉलमधले नाव तिकिटे खपवणार होते, म्हणून जो खरोखर मातब्बर होता त्या एड लुईसने त्याच्यापुढे ठरवून हार घेतली. मग एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात त्याच्यासमोर झिबिस्को उभा राहिला. वय चाळिशीच्या पुढचे. ठरलेले असे की त्याने पडायचे. पण तो चालकांच्या प्रतिस्पर्धी गटाला फितूर झाला होता. त्याने ठरलेले सोडून खरी कुस्ती धरली आणि जगज्जेत्याला पुनःपुन्हा पाठीवर पाडले, तेव्हा पंचांना निकाल देण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मी हे सांगितले ते फुगलेल्या नावाची फजिती म्हणून. वस्ताद मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या गड्याचा काय दोष? त्यो फुटबॉल खेळणारा. ज्यानं जोड लावली, त्यानं त्येला फसिवलं."

त्या एका वाक्याने माझी अनेक वर्षांची चीड थोडी सैल झाली. मी आजवर रेसलरवर रागावत आलो होतो. त्याला सोयीचे जोडीदार देत राहणारे संयोजक, त्याच्या वीस सेकंदांच्या उडीचे तुकडे पसरवणारे प्रेक्षक आणि त्या तुकड्यांवरून मत बनवणारा मी, हे सगळे माझ्या हिशेबाबाहेर राहिले होते.

वस्तादांनी मग आपल्या तरुणपणाची एक आठवण काढली. दिल्लीच्या सतपालचे नाव देशभर दुमदुमत होते, आणि खासबागेत कोल्हापूरच्या युवराज पाटलांनी त्याला हरवले. मी विचारले, मग सतपालचे नावही फुगवलेलेच होते का? वस्तादांनी कानाच्या पाळीला हात लावला. "छे छे. असलं बोलू नगासा. तोलामोलाच्या जोडीकडनं हरला त्यो, मोठाच ऱ्हायला." त्यांचे म्हणणे खरेच होते, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सतपालने सुवर्णपदक मिळवले.

दुसऱ्या दिवशी पंचगंगेच्या काठावरच्या एका गावी यात्रेचे मैदान होते. उसाच्या फडांमधून जाणाऱ्या रस्त्यावर प्रत्येक वळणाला डिजिटल फलक लागले होते आणि त्या सगळ्यांवर एक नंबरच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या इनामाच्या कुस्तीतल्या एका पैलवानाचे छायाचित्र सर्वांत मोठे होते. ऊन उतरल्यावर हलगी वाजू लागली, लहान मुलांच्या कुस्त्या झाल्या, लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर आणि घरांच्या कौलांवर चढून बसले. दिवे लागल्यानंतर ती एक नंबरची कुस्ती सुरू झाली आणि वीस मिनिटे नुसती खडाखडी, म्हणजे उभ्या उभ्या हातांची झटापट, चालली. माझ्या शेजारच्या पटकेवाल्या आजोबांनी पाचव्या मिनिटालाच निकाल दिला होता: "हात सोडवतोय नुसता. पट काढायची भीती वाटतीया त्येला." पट काढण्याची, म्हणजे वाकून समोरच्याचे पाय धरायला जाण्याची, ही भीती मला समजते, पाठ लागली तर पुढच्या हंगामाचे इनाम घसरते, म्हणून मोठ्या नावाचा पैलवान पुष्कळदा हरू नये एवढ्यासाठीच लढतो. लोकांनी ओरडायला सुरुवात केली, पंचांनी ताकीद दिली, आणि अखेरीस कुस्ती गुणावर सोडवावी लागली. फलकावरच्या पैलवानाने एक गुण मिळवून ती जिंकली. टाळ्या पडल्या, पण त्या मोजक्याच.

मला कोल्हापूरचे फाजील कौतुक करायचे नाही. त्याच पैलवानाचे छायाचित्र पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या फलकावर तेवढेच मोठे असणार, हे तिथले लोकही जाणून होते, आणि ते त्या मैदानालाही जाणार होते. फरक एवढाच, की त्यांना काय पाहिले हे नेमके सांगता येत होते.

त्या कुस्तीच्या आधी झालेली एक लढत मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत नावे असलेली दोन मुले. सलामी देताना दोघांनी मूठभर माती उचलून कपाळाला लावली, मग एकमेकांच्या घामेजलेल्या खांद्यांवर ती चोळली, पकड मिळावी म्हणून. तीन मिनिटे दोघेही एकमेकांना क्षणाची उसंत देईनात. एकाने एकेरी पट काढून दुसऱ्याला खाली घेतले, तो तसाच पालथा राहून निसटला, पुन्हा उभे, हलगीचा ठेका चढला, आणि मग पहिल्याने परत पट काढून, वर बसून घिस्सा हा डाव मारला तेव्हा दुसऱ्याची पाठ मातीला लागल्याचा आवाज मला ऐकू आला. लोक हौद्याकडे धावले. शंभरपन्नासाच्या नोटा विजेत्याच्या हातात कोंबल्या जात असताना आजोबांनी आपली शंभराची नोट हरलेल्या मुलाला नेऊन दिली. परत येऊन ते म्हणाले, "ह्यो हुता म्हणून कुस्ती झाली."

रात्री झोप लागेपर्यंत मी माझ्या आवडीच्या लढती एकेक आठवून पाहत होतो. २०१६ च्या मे महिन्यात टोकियोच्या कोराकुएन सभागृहात विल ऑस्प्रे आणि रिकोशे यांची लढत झाली, तेव्हा जुन्या पिढीतल्या व्हेडर या रेसलरने ही कसरत आहे, रेसलिंग नव्हे, अशी टीका केली होती. दोघेही स्वतंत्र रिंगणांतून वर आलेले, आणि त्या लढतीतल्या उड्यांचे तुकडे जगभर फिरले. मलाही तेव्हा ऑस्प्रेचे नाव फुगवलेलेच वाटले होते. परंतु त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो लंडनमध्ये खुद्द व्हेडरसमोर उभा राहिला, त्या अवाढव्य, वयस्क माणसाच्या चालीने लढला आणि हरला. टीका करणाऱ्यालाच जोड म्हणून स्वीकारणे आणि त्याला मोठा दिसू देणे, हे हलक्या माणसाचे काम नव्हे. ऑस्प्रेबद्दलचे माझे मत मी त्या रात्री बदलले. मुंबईच्या रेसलरबद्दलचे बदलले नाही. त्याच्या जोडीदाराने पाच मिनिटे राबून जो गुडघा जायबंदी केला होता, तो त्याने क्षणात पुसून टाकला, आणि आता मला नेमके कळले की राग त्या उडीचा नव्हता, जोडीदाराचे कष्ट वाया घालवल्याचा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोयना एक्स्प्रेसने परतीला निघालो. मिरज मागे पडल्यावर मोबाईलवर त्या मुंबईच्या रेसलरची सर्वांत गाजलेली चित्रफीत उघडली आणि पहिल्यांदाच फक्त समोरच्या माणसाकडे पाहिले. तो अर्धे पाऊल आधी सरकून नेमक्या जागी उभा राहत होता. दोरावरून आलेले अंग तो दोन्ही तळहातांनी कमरेशी झेलत होता आणि वरच्या माणसाचे डोके जमिनीला लागू नये म्हणून स्वतःचा खांदा आधी टेकवत होता. चित्रफितीच्या मथळ्यात त्याचे नाव नव्हते. सुरुवातीला निवेदकाने ते एकदाच, घाईत उच्चारले होते. गाडीच्या खडखडाटात मला ते तीन वेळा मागे नेऊन ऐकावे लागले, आणि मग मी ते वहीत लिहून घेतले.