लायब्ररी झालेल्या लिनक्स कर्नलची मेमरी

एरवी मेमरीचा ताबा कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, असतो आणि प्रोग्राम ती त्याच्याकडे मागतात. लिनक्स कर्नल लायब्ररीत, म्हणजे २०१० साली ऑक्टाव्हियन पुर्दिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधनिबंधातून मांडलेल्या एलकेएलमध्ये, हे नाते उलटे होते. इथे कर्नल एखाद्या साध्या प्रोग्रामला लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, म्हणून जोडलेला असतो आणि मेमरीसाठी त्यालाच त्या प्रोग्रामकडे व त्याच्यामार्फत खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे, म्हणजे होस्टकडे, हात पसरावा लागतो. रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार नसताना ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमची डिस्क इमेज (डिस्कची फाइलरूपातली प्रत) वाचण्यासाठी मी एलकेएल वापरतो, आणि त्यातला हाच भाग मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो.

एलकेएल ही मागणी एकदाच करते. सुरू होताना सांगितलेल्या आकाराचा, समजा ६४ एमबीचा, एक सलग तुकडा ती होस्टकडून घेते आणि तीच आपली सगळी रॅम असे मानून चालते. त्या तुकड्याची ४ केबीची १६,३८४ पाने, म्हणजे सारख्या आकाराचे भाग, होतात. बडी ॲलोकेटर हा कर्नलमधला वाटप करणारा कोड ती वाटतो आणि त्याच्यावर स्लॅब ॲलोकेटर लहान वस्तूंची सोय करतो. लिनक्सचा हा मूळ कोड जसाच्या तसा चालतो, हे या रचनेचे मोठे बळ आहे.

नेटबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल असाच प्रोग्रामात वापरू देणाऱ्या रम्प कर्नलने दुसरी वाट धरली. त्यात लागेल तशी मेमरी होस्टकडे मागितली जाते, आणि वेगळी मर्यादा घातली नसेल तर ही मागणी वाढतच जाऊ शकते.

एकदम ६४ एमबी घेणे उधळेपणाचे वाटेल, पण होस्टही लिनक्स असेल तर पानाला पहिला स्पर्श होईपर्यंत तो सहसा खरी रॅम देतच नाही. प्रत्येक पानाची नोंद ठेवणाऱ्या तक्त्याला, एका नोंदीला ६४ बाइट धरले तर, १ एमबी लागतो. मोकळ्या पानांची यादीही या नोंदींमधूनच गुंफलेली असल्यामुळे ती पाने अस्पर्शित राहतात.

अडचण पुढे येते. फाइली वाचल्या जातात तसा पेज कॅशे, म्हणजे वाचलेला मजकूर मेमरीत जपून ठेवणारा साठा, मोकळ्या पानांवर पसरतो, आणि कर्नलने आतल्या आत पान मोकळे केले तरी होस्टला ते कळत नाही. त्याच्या लेखी ते पान वापरातच राहते. शिवाय मूळ रचनेत एमएमयू, म्हणजे मेमरीचे पत्ते बदलून देणारी यंत्रणा, नसल्यामुळे विखुरलेली पाने जोडून सलग पत्ते तयार करता येत नाहीत. त्यामुळे एकूण मेमरी पुरेशी असूनही मोठी मागणी फसू शकते.

तुकडा पूर्ण संपला तर लिनक्सचा नेहमीचा उपाय, म्हणजे एखादी प्रक्रिया मारून जागा मिळवणे, इथे फारसा कामाचा नाही, कारण प्रोग्रामची स्वतःची मेमरी होस्टकडे असते आणि ती सुटली तरी या तुकड्यात भर पडत नाही. शेवटी कर्नल पॅनिक होतो, म्हणजे हार मानून थांबतो, आणि त्याला सामावून घेणारा प्रोग्रामही त्याच्यासोबत कोसळतो.

चुका शोधणाऱ्यांना आणखी एक गोष्ट जाचते. ॲड्रेस सॅनिटायझरसारख्या, मेमरीच्या गैरवापराच्या चुका पकडणाऱ्या, होस्टच्या साधनाला आत काय चालले आहे हे वेगळे सांगितले नाही, तर त्याला एकच मोठे वाटप दिसते. त्या तुकड्याच्या आत एका वस्तूने शेजारच्या वस्तूवर केलेले अतिक्रमण त्याच्या नजरेतून निसटते.

तरीही मला एलकेएलचीच पद्धत पसंत आहे. मेमरीची टंचाई जाणवली की पेज कॅशे आवरता घेण्याची समज लिनक्सकडे आधीपासून आहे, आणि ती टंचाई खरी वाटण्यासाठी तुकड्याला ठरलेली सीमा हवी. म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या प्रोग्रामात मी तो तुकडा कामापुरता, शक्य तितका लहान ठेवतो.