आईचे पंचेचाळीस सेकंद

आई ८१ वर्षांची आहे. आठवड्यातून दोनदा तिला गुडघ्याच्या व्यायामासाठी इंदौरच्या एबी रोडच्या पलीकडे न्यावं लागतं. मनोरमागंजमधल्या आमच्या घरापासून गीता भवन चौराहा माझ्या चालीनं आठ मिनिटं, तिच्या चालीनं वीस. रिक्षा केली तर पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून यावं लागतं, आणि डॉक्टरांनी तिला रोज थोडं चालायलाच सांगितलंय. म्हणून आम्ही दोघी चालत जातो.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी आम्ही रस्त्याच्या बरोबर मध्ये होतो आणि सिग्नल सुटला. आईनं माझा दंड घट्ट धरला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. पुढे नाही, मागे नाही. दोन्ही बाजूंनी गाड्या. एका स्कूटरवाल्यानं आमच्याभोवती वळसा घेतला, दुसऱ्यानं हॉर्न वाजवला. घरी येऊन पाणी प्यायल्यावर ती म्हणाली, "आधी मध्ये बसचं स्टेशन होतं ना गं, तिथं टेकायला मिळायचं."

बीआरटीएसबद्दल, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेबद्दल, मी इतक्या चर्चा ऐकल्यात, वाद घातलेत, पण ही गोष्ट माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत साडेअकरा किलोमीटरची ती मार्गिका २०१३मध्ये सुरू झाली. नोव्हेंबर २०२४मध्ये मुख्यमंत्र्यांनी ती काढायची घोषणा केली, फेब्रुवारी २०२५मध्ये हायकोर्टाची परवानगी मिळाली आणि तोडायला सुरुवात झाली. त्या सगळ्या काळात बोलणं व्हायचं ते तिच्यावरून धावणाऱ्या आयबसचं आणि गाड्यांच्या गर्दीचं. आईसारख्या माणसांसाठी ते स्टेशन म्हणजे रस्ता दोन हप्त्यांत ओलांडायची सोय होती. आधी अर्धा, मग उसंत, मग उरलेला अर्धा. तशी सोय करायची म्हणून कुणी ते बांधलं नसेल, पण ती झाली होती, आणि रेलिंगबरोबर तीही गेली.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात गेली तीस वर्षं नकाशे काढते. आधी बोर्डावर, टी-स्क्वेअर घेऊन, आता ऑटोकॅडवर. एखादी गोष्ट मनातून जाईना की मी ती मोजते. त्या रविवारी सकाळी साडेसहाला मी आणि माझा मामेभाऊ तीस मीटरची टेप घेऊन चौराह्याच्या थोडं अलीकडे गेलो. फूटपाथच्या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत २७ मीटर भरले. दोन्ही बाजूंना गाड्यांचे साधारण १०-१० मीटर आणि मधल्या बसच्या पट्ट्यांचे ७. मग घरी गल्लीत खडूनं रेघा आखून आईला तिच्या नेहमीच्या चालीनं चालायला लावलं. १२ मीटरला २० सेकंद. म्हणजे सेकंदाला साठ सेंटिमीटर. सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो असं धरतात. त्या हिशेबानं २७ मीटरला २२-२३ सेकंद पुरतात. आईला ४५ लागतात. ती काही आळस करत नाही, रमत नाही. तिच्या गुडघ्यांना तेवढाच वेळ लागतो.

आता ते मधले सात मीटर मोकळे होतायत आणि सगळ्यांची नजर त्यांच्यावर आहे. ऑफिसात, शेजारी, नात्यात ज्याला विचारावं तो म्हणतो, रस्ता मोठा झाला, आता गाड्या सुटतील. एलआयजी ते नवलखा वरून उड्डाणमार्ग काढायची चर्चाही कित्येक वर्षं चालूच आहे. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते मी इथे नीट मांडणार आहे: ते सात मीटर गाड्यांना देऊ नका. गाड्यांचे आजचे दहा-दहा मीटर तसेच राहू द्या, त्यातून एक इंचही काढू नका. सातपैकी दोन मीटर मध्ये ठेवा, उंच दगडाचा, मागे-पुढे खांब असलेला ओटा, जिथे व्हीलचेअर, बाबागाडी आणि माझी आई सुरक्षित उभी राहू शकेल. उरलेले पाच मीटर रस्त्याच्या कडांना द्या. गाड्यांच्या लेन थोड्या मध्ये सरकतील आणि दोन्ही कडांना सायकलची दोन-दोन मीटरची पट्टी बसेल, तिच्या आणि गाड्यांच्या मध्ये अर्ध्या मीटरची दगडी कड. झाले सात. आईला मग एका वेळी गाड्यांसमोरचे दहाच मीटर पार करायचे, सतरा सेकंदांत.

सायकलपट्टी म्हटलं की लोक बीआरटीएसच्या वेळची पट्टी आठवतात. ती होती, मी तिच्यावरून ऑफिसला जात होते, आणि तिच्यावर कार उभ्या असायच्या, ठेले असायचे, मधेच विजेचा खांब असायचा. लोक यावरून म्हणतात की इंदौरमध्ये सायकल कुणी चालवत नाही, पट्टी कशाला. सकाळी साडेपाचला पलासियाला उभं राहून बघा. दूधवाले, पेपरवाले, बांधकामावर जाणारे, घरकामाला जाणाऱ्या बायकांना कॅरिअरवर बसवून सोडणारे नवरे. ते पट्टी वापरत नव्हते, कारण ती वापरण्याजोगी नव्हती. कार चढू शकणार नाही अशी कड पाहिजे, आणि बसस्टॉपपाशी पट्टी स्टॉपच्या मागून गेली पाहिजे. ही स्टॉपची गोष्ट कागदावर फार छोटी दिसते, पण बस आता डाव्या कडेला थांबणार. पट्टी बसच्या आणि स्टॉपच्या मधून गेली तर दर दोन मिनिटांनी सायकलवाला आणि उतरणारी सवारी एकमेकांच्या अंगावर. मागून गेली तर कुणाचंच अडत नाही.

कोपऱ्याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण २०१९मध्ये एका कोपऱ्यावर माझं उजवं मनगट मोडलं. मी सायकलवर सरळ जात होते, मागून आलेली कार डावीकडे वळली, माझ्या पुढच्या चाकाला लागली. चालवणारा थांबला, त्यानंच मला दवाखान्यात नेलं, वाईट माणूस नव्हता. चार महिने मला हातात माऊस धरता आला नाही, आणि ते चार महिने मी त्या कोपऱ्याचाच विचार केला. आपल्याकडे लेफ्ट टर्न मोठे करायची फार हौस आहे. कोपरा छाटून गोल केला की सिग्नलला गाडी अडत नाही, हे खरं. पण कोपऱ्याची त्रिज्या पंधरा मीटर केली तर कार पंचवीस-तीसच्या वेगानं वळू शकते. पाच मीटर ठेवली तर तिला पंधरा-वीसवर यावंच लागतं. चालवणारा तोच, घाई तीच, फक्त दगडाची गोलाई वेगळी. शिवाय कोपरा छाटला की पायी जाणाऱ्याची ओलांडायची रेघही लांबते, तीही बरोबर तिथेच जिथे गाडी वेगात वळते.

वेगाचा हिशेब मी मामेभावाला टेबलावर पेन्सिलीनं करून दाखवला. तो शाळेची व्हॅन चालवतो. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर ३०च्या वेगाला गाडी एकूण साधारण १३ मीटरमध्ये थांबते, ५०ला २८ मीटर लागतात. कागद बघून तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, मला हळू चालवायला त्रास नाही. त्रास याचा होतो की माणूस कुठून निघेल ते कळत नाही. लेनची रेघ नाही, झेब्रा पुसलेला, मधूनच कोणीतरी येतं. सोळा पोरं असतात मागे." गाडी चालवणाऱ्याचा जीवही याच रस्त्यावर टांगलेला असतो हे त्याच्या तोंडून ऐकून मला बरं वाटलं. जिथे माणसं ओलांडणार तिथे झेब्रा फूटपाथच्या उंचीला उचलला, म्हणजे सपाट माथ्याचा रुंद स्पीडब्रेकरच केला, तर त्याला शंभर मीटरवरून कळेल की इथे हळू व्हायचंय. बाकीच्या रस्त्यावर तो एका ठरावीक वेगानं निवांत जाऊ शकेल.

फूटपाथचं काय, तर आई फूटपाथवर चालतच नाही. ती कडेनं रस्त्यावरूनच चालते, आणि कितीही सांगितलं तरी ऐकत नाही. एकदा मी तिच्याबरोबर मुद्दाम वरून चालले. तीनशे मीटरमध्ये चौदा वेळा चढ-उतार. प्रत्येक गेटपाशी, प्रत्येक शोरूमच्या पार्किंगपाशी फूटपाथ तुटतो. एका ठिकाणी कडेची उंची मी पट्टीनं मोजली, २४ सेंटिमीटर. आई तिथे आडवी होते, डावा पाय वर ठेवते, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकते आणि मग उजवा ओढून घेते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पायी चालणाऱ्यांसाठीच्या नियमांत, आयआरसी १०३मध्ये, ही उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी असं साफ लिहिलंय. आपल्याकडे गाडी आत घ्यायची म्हणून माणसाला उतरवतात. त्याऐवजी फूटपाथ सलग एकाच पातळीवर ठेवायचा आणि गाडीला छोट्या उतारावरून चढून जाऊ द्यायचं. गाडीला गुडघे नसतात.

२०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. दिवसाला नव्वद. हा आकडा मी ऑफिसच्या टेबलावर चिकटवून ठेवलाय.

दुकानदारांची भीती मला समजते. समोर गाडी उभी करता आली नाही तर गिऱ्हाईक जाईल असं त्यांना वाटतं, आणि ज्याचं पोट दुकानावर आहे त्याला असं वाटणारच. पण छप्पन दुकान ही खाऊगल्ली आपल्याच शहरात आहे. २०२०मध्ये छप्पन दिवसांत तिथली गल्ली गाड्यांपासून मोकळी केली, बाकं टाकली, झाडं लावली. आज संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. एबी रोड म्हणजे छप्पन दुकान नव्हे, तिथून गाड्या जाणारच. पण चालता येतं तिथे माणसं थांबतात आणि थांबलेली माणसंच खरेदी करतात, एवढं तरी तिथे रोज दिसतं.

मी नकाशा काढलाय. गीता भवनच्या दोन्ही बाजूंचा दोनशे मीटरचा तुकडा, १:२००च्या मापात: मधला ओटा, उचललेले दोन झेब्रा, सहा मीटर त्रिज्येचे कोपरे, बसस्टॉपच्या मागून जाणारी सायकलपट्टी. आमच्या पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, एक प्रत दिली, त्यांनी दहा मिनिटं नीट बघितली आणि विचारलं की पुढच्या चौराह्यांचं काय. बरोबर प्रश्न आहे. प्रत्येक ठिकाणी रुंदी वेगळी, पलासियाला वेगळी, शिवाजी वाटिकेपाशी वेगळी, आणि एकाच मापाचा नकाशा सगळीकडे बसणार नाही.

तर या रविवारी सकाळी साडेसहाला मी शिवाजी वाटिकेपासून नवलख्याकडे मोजत जाणार आहे. मामेभाऊ बाहेरगावी आहे. टेपचं दुसरं टोक धरून समोरच्या कडेला उभं राहायला कुणी येऊ शकत असेल तर कळवा. आई यायला तयार आहे, पण तिला तिथपर्यंत रस्ता ओलांडावा लागेल.