आण्णा तिकडं गेले

फोन आला तेव्हा मी लेथवर होतो. उद्यमनगरात दुपारच्या वेळी चारी बाजूंनी मशिनी चालू असतात, फोनवरचं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही. पलीकडे आमच्या जुन्या टीमचा गोलकीपर होता. मला एवढंच ऐकू आलं, "आण्णा गेले."

मी मशीन बंद केलं. हात पुसायचंही सुचलं नाही, तसाच तेलकट हातानं फोन कानाला धरून रस्त्यावर आलो. आधी काकूंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मग आठवायला लागलो, शेवटचं कधी भेटलो होतो त्यांना? कसाबसा म्हणालो, "कधी? कशानं?"

"कशानं काय मर्दा? तिकडं गेले. समोरच्या पेठेत, कोच म्हणून. काल सरावाचा नारळ पण फोडला."

जीव भांड्यात पडला. माणूस धडधाकट होता, अजून काय पाहिजे? पण हे समाधान रस्ता ओलांडून परत शेडमध्ये येईपर्यंतच टिकलं. नंतर त्या दिवशी एकही जॉब धड निघाला नाही. संध्याकाळी तालमीच्या ग्रुपवर पोरं पेटली होती. एकानं लिहिलं, 'आपल्यासाठी ते मेले.' दुपारचं ते अर्धं मिनिट मी अनुभवलं होतं, म्हणून ते वाक्य मला सहन झालं नाही. मी ग्रुप म्यूट केला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. बाकी महाराष्ट्रात तालीम म्हटलं की कुस्ती. कोल्हापुरात तालमीला कुस्ती आहेच, पण तालमीची फुटबॉल टीमसुद्धा असते. पाटाकडील, शिवाजी, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा ही नावं इथं शेंबड्या पोरालाही पाठ असतात. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, वरिष्ठ लीगमध्ये सोळा टीम, सगळ्यांचं मैदान एकच, शाहू स्टेडियम. ऑफिसातनं हाफ डे टाकून, दुकान भावाच्या ताब्यात देऊन माणसं मॅचला येतात. पेठेला पेठेची ईर्षा असते आणि दोन पेठांच्या मध्ये कधीकधी फक्त एक रस्ता असतो. म्हणजे ज्यांच्याशी भांडायचं, त्यांच्याच शेजारी उभं राहून सकाळी दूध घ्यायचं.

खेळाडू इकडचे तिकडे होतात, त्याची आम्हाला सवय आहे. सीझनच्या आधी नोंदणी सुरू झाली की रोज एक बातमी असते. दोन दिवस शिव्या, तिसऱ्या दिवशी नवीन गडी कोण येतोय याची चर्चा. आण्णांचं तसं नव्हतं. आण्णा आमचे कोच, म्हणजे तालमीची भिंतच होती. भिंत उठून शेजारच्या घराला जाऊन लागत नाही.

आमच्या वेळेला टीमकडे सहा बॉल होते, त्यातले दोन कायम आजारी. शिवण उसवलेला बॉल आण्णा फेकू द्यायचे नाहीत. तालमीच्या पायरीवर बसायचे, बॉल दोन गुडघ्यांत धरायचे. चप्पल लाईनमधून आणलेलं दाभण होतं त्यांच्याकडं, लाकडी मुठीचं, मूठ घामानं काळी पडलेली. जाड दोरा मेणाच्या खड्यावरनं तीनदा ओढायचा. मग दाभणानं जुनीच भोकं शोधायची, नवीन भोक पाडायचं नाही, कातडं फाटतं. दोन्ही बाजूंनी दोरा घालून असा आवळायचा की बोटांवर पांढरे वळ उठायचे. शेवटची गाठ आत ढकलली की अंगठा फिरवून बघायचे, आणि ज्यानं आदल्या दिवशी पेनल्टी चुकवली असेल त्याच्या हातात तो बॉल द्यायचे. बोलायचे काही नाहीत. मला दोनदा मिळालाय.

लिव्हरपूल ह्या इंग्लिश क्लबचं वेडही त्यांच्याच घरातलं. २००५ च्या मे महिन्यात दहावीची परीक्षा देऊन मी रिकामा होतो. इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला सुरू झाली. आम्ही चौघं पोरं आण्णांच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर. पहिल्याच मिनिटाला माल्दिनी, मग क्रेस्पोचे दोन. हाफ टाइमला मिलान तीन, लिव्हरपूल शून्य. आम्ही घरी जायला उठलो. आण्णा म्हणाले, "बसा. मास्तर काय करतोय बघूया." मास्तर म्हणजे लिव्हरपूलचा मॅनेजर राफा बेनिटेझ. काकूंनी रात्री एक वाजता चहा टाकला. तेवढ्यात फिनन बाहेर आणि हामान आत अशी बातमी आली, तसे आण्णा स्वयंपाकघरात जाऊन वाट्या घेऊन आले. मागं तीन वाट्या मांडल्या, मध्ये हामानची एक, आणि जेरार्डची वाटी बोटानं पुढं सरकवली. "आता ह्यो मोकळा सुटतोय बघा." ५४ व्या मिनिटाला जेरार्डचं हेडर, मग स्मित्सर, मग अलोन्सो. सहा मिनिटांत तीन गोल. टायब्रेकरला डुडेकनं शेवचेन्कोची किक अडवली तेव्हा शेजारच्यांनी भिंतीवर थापा मारल्या. मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं, की बाकावर बसलेला माणूससुद्धा मॅच जिंकून देतो.

तोच बेनिटेझ ३० जून २०२१ ला एव्हर्टनचा, म्हणजे त्याच शहरातल्या समोरच्या क्लबचा, मॅनेजर झाला. अ‍ॅनफिल्ड हे लिव्हरपूलचं मैदान आणि गुडिसन पार्क हे एव्हर्टनचं, यांच्यात तेव्हा मैलभरही अंतर नव्हतं, मध्ये फक्त स्टॅनली पार्क. दोन्ही क्लब सांभाळणारा त्याच्याआधी एकच माणूस होऊन गेला होता, विल्यम बार्कले, तोही एकोणिसाव्या शतकात. आणि एव्हर्टनला 'छोटा क्लब' म्हणणारा हाच बेनिटेझ. २००७ च्या फेब्रुवारीत डर्बी, म्हणजे ह्या दोन शेजाऱ्यांची मॅच, शून्य-शून्य सुटल्यावर तसं बोलला होता. एव्हर्टनवाले ते विसरले नव्हते. सही व्हायच्या आधी त्याच्या घराच्या परिसरात कुणीतरी फलक लावला होता, 'तू कुठं राहतोस आम्हाला माहीत आहे, सही करू नकोस' अशा अर्थाचा.

कोल्हापुरात तेव्हा कोरोनाचे निर्बंध होते. मी आण्णांना फोन लावला आणि मनातलं सगळं भडाभडा बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "घर कुठं हाय त्याचं?"

म्हटलं, "तिथंच. लिव्हरपूलच्या पलीकडं, विरलला. चीनमध्ये कोच होता तरी घर तिथंच ठेवलं होतं."

"मग? बायकापोरं तिथं, घर तिथं. आपल्या मैदानावर कुणी बोलवंना. माणसाला काम लागतंय रे."

मला ते पटलं नव्हतं. काम लागतं तर जगात काय क्लब कमी आहेत?

गेल्या सीझननंतर आमच्याकडं काय झालं ते आता सांगायलाच पाहिजे. आमची टीम सेमीफायनलला हरली. नंतर बैठक झाली. 'नवीन विचार पाहिजे' असं कुणीतरी म्हणालं, बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही त्या बैठकीत होतो. मी मान हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही. आण्णांना हे सांगायला कुणी गेलं नाही. त्यांना काढलं नाही आणि ठेवलंही नाही. नंतर काकूंकडून कळलं, की महिनाभर ते रोज सकाळी सहाला बूट घालून तयार व्हायचे आणि फोन जवळ घेऊन बसायचे. फोन आला तो समोरच्या पेठेतून. ज्यांच्याबद्दल प्रत्येक मॅचच्या आधी आण्णा आम्हाला सांगायचे, "त्यांच्याकडं गडी हाईत, टीम न्हाई."

ग्रुपवर 'गद्दार' लिहिणाऱ्यांत त्या बैठकीतलेही तिघं होते. ह्याचा मला अजून राग आहे, स्वतःचाही.

आमचा गोलकीपर चेल्सीवाला. तो मला समजवायला आला मोरिन्योचं उदाहरण घेऊन. चेल्सीला तीन वेळा प्रीमियर लीग जिंकून दिलेला कोच २०१६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला. २३ ऑक्टोबरला चेल्सीच्या मैदानावर, स्टॅमफर्ड ब्रिजवर आला तर तिसाव्या सेकंदाला पेद्रोनं गोल मारला, शेवटी चार-शून्य. पुढच्या मार्चमध्ये एफए कपला परत आला तेव्हा चेल्सीचेच लोक त्याला 'जुडास', म्हणजे गद्दार, म्हणून ओरडले आणि त्यानं तीन बोटं वर केली, तीन लीगची. नंतर तो टॉटनहॅमलाही, चेल्सीच्या लंडनमधल्याच वैऱ्याकडं, गेला, म्हणजे जखमेवर मीठ. "आणि २०२५ च्या सप्टेंबरला बेनफिकाची टीम घेऊन आला तेव्हा? पब्लिकनं नाव घेऊन गाणी म्हटली भावा. विसरतात लोक."

मला ते उदाहरण लागू वाटलं नाही. बेनफिका लिस्बनचं. लिस्बनहून आलेल्या पाहुण्याला गळ्यात घ्यायला काय लागतं? रस्त्यापलीकडच्याचं काय करायचं, हा माझा प्रश्न होता.

शिवाय मला वेगळीच धास्ती होती. बेनिटेझला एव्हर्टनवाल्यांनी कधी आपलं मानलंच नाही. २०२१ च्या १ डिसेंबरच्या डर्बीत लिव्हरपूलनं गुडिसनवर त्यांना चार-एक हरवलं. मी ती मॅच पहाटेपर्यंत जागून बघितली, आणि सालाहच्या दुसऱ्या गोलला उडी मारल्यावर कॅमेरा बेनिटेझवर गेला तसा खाली बसलो. जानेवारीत नॉर्विचकडून हरल्यावर त्याला काढलं. साडेसहा महिने, संपलं. जुन्या घरचे बोलत नाहीत आणि नव्या घरी पान मांडलेलं नाही, असं आण्णांचं होऊ नये, एवढंच सारखं मनात येत होतं. राग होताच. पण रागाच्या खाली हे होतं.

मॅच दुपारी चारची. आमची नेहमीची जागा, नेहमीचीच माणसं. टीम मैदानात आल्या, हलगी सुरू झाली, आणि आण्णा समोरच्या टीमच्या मागून चालत आले. अंगात दुसऱ्यांच्या रंगाचं जॅकेट. चाल तीच, डावा पाय किंचित ओढत. आमच्या बाजूनं जे ओरडलं गेलं ते इथं लिहिणार नाही. मी ओरडलो नाही. टाळीसुद्धा वाजवू शकलो नाही. हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

दुसऱ्या हाफला, सत्तराव्या मिनिटाच्या आसपास, त्यांना कॉर्नर मिळाला. त्यांचा एक पोरगा झेंड्यापाशी बुटाची नाडी बांधायला वाकला. मैदानाकडं पाठ करून.

मी ताडकन उठलो. "नाडी! नाडीकडं बघा!"

ही चाल आण्णांनी आमच्या वेळेला बसवली होती. तो वाकलेला मीच असायचो. सगळे गोलसमोर धक्काबुक्की करत असतात, नाडीवाल्याकडं कुणी बघत नाही. कॉर्नर त्याच्या पायात हळूच येतो, तो उठतो आणि मोकळा आत घुसतो. पंधराएक वर्षांत आण्णांनी ती कधी वापरली नव्हती. आत्ताच्या आमच्या पोरांना ती ठाऊकच नव्हती. हलगीच्या आवाजात माझं ओरडणं खालपर्यंत पोचलंही नाही. पोरगा उठला, आत घुसला, मागं पास, गोल. मॅच तिथंच संपली, एक-शून्य.

हरल्याचं एवढं नाही. पण ती चाल आमची होती हो. पहाटे धुक्यात, फक्कीनं आखलेल्या रेघेवर, शंभर शंभर वेळा केलेली.

समोरची गॅलरी नाचत होती. पेठेचं नाव, गोल मारणाऱ्याचं नाव. आण्णांच्या नावानं एकही आरोळी आली नाही. मी कान देऊन ऐकत होतो. आण्णा बाकावर बसून राहिले, उठले नाहीत. एकदा फक्त मान वळवून आमच्या गॅलरीकडं बघितलं.

पंधरा दिवसांनी दुपारी ते माझ्या शेडच्या दारात उभे. मी मशीन बंद केलं. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली. आत दाभण.

"टोक गेलंय. लावून दे."

दर वर्षी मीच लावून देत आलोय. कुणाचे बॉल शिवायला, ते मी विचारलं नाही. ग्राइंडर सुरू केला, टोक हळूहळू फिरवत लावलं, मध्ये मध्ये पाण्यात बुडवून, जास्त तापलं तर पोलाद मऊ पडतं. त्यांनी अंगठ्यावर टेकवून बघितलं, परत पुडीत गुंडाळलं आणि विचारलं, "किती झाले?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता.

"आण्णा, तुमच्याकडनं कधी घेतलेत का मी?"

"तवा तालमीचं काम होतं."

पोराला चहा सांगायला पाठवलं. त्यांना स्टूल दिलं, मी जॉबच्या पेटीवर बसलो. बराच वेळ दोघंही बोललो नाही. चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"कॉर्नरला पाच जण उठलासा. मोजलं मी."