दर वर्षीची ती तीन मिनिटे

आमच्या विद्यापीठातील पर्यावरण सप्ताहाचे उद्घाटन कसे होते, हे ज्यांनी आयुष्यात एक तरी उद्घाटन पाहिले आहे त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. कुलगुरूंचे स्वागतपर भाषण होते, प्रमुख पाहुण्यांचा परिचय त्यांनाच अवघडल्यासारखे व्हावे इतका लांबतो, पुस्तिकेचे प्रकाशन होते आणि छायाचित्रे घेतली जातात. तेवढ्या वेळात संयोजन समितीतील आम्ही मंडळी सभागृहाच्या मागच्या दाराशी उभे राहून भित्तिपत्रकांचे फलक पुरेसे आले आहेत का, याची दबक्या आवाजात चौकशी करीत असतो. छायाचित्रे झाली की पुढच्या दोन रांगा उठून जातात. त्या रांगांविषयी मला पुढे बोलायचे आहेच.

पर्यावरण हा एकट्या पर्यावरणशास्त्र विभागाचा विषय नाही, तेव्हा वनस्पतिशास्त्रापासून विधी विभागापर्यंत आणि संख्याशास्त्रापासून नाट्यशास्त्रापर्यंत सर्वांनी त्या आठवड्यात आपापले काम एका छताखाली मांडावे, अशी सप्ताहामागची मूळ कल्पना. प्रत्यक्षात सुरुवातीच्या वर्षांत रसायनशास्त्राचे विद्यार्थी रसायनशास्त्राचीच भित्तिपत्रके वाचीत आणि चित्रकलेचे विद्यार्थी आपापल्या चित्रांपाशी बसून राहत. ही कोंडी फुटली ती वस्त्ररचनेच्या विद्यार्थिनींमुळे. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी 2018 मध्ये तापमानाच्या नोंदी उभ्या पट्ट्यांत मांडल्या होत्या. त्यात एका वर्षाला एक पट्टी असते, थंड वर्ष निळे असते, उष्ण वर्ष लाल असते आणि आकडा एकही नसतो. या मुलींनी त्याच पट्ट्यांचा पडदा विणायचे ठरवले. कोणत्या वर्षाला कोणत्या छटेची लोकर घ्यायची, हे विचारण्यासाठी त्या संख्याशास्त्र विभागात गेल्या, आणि तिथल्या एका संशोधकाने, तुलनेसाठी सरासरी कोणत्या कालखंडाची धरणार, असे विचारून त्यांना दारातच अडवले. तो कालखंड बदलला की निळा कुठे संपतो आणि लाल कुठे सुरू होतो, तेही बदलते. पुढे पडदा सभागृहात लागला तेव्हा त्याखाली दोन्ही विभागांची नावे होती, आणि त्या वर्षापासून विभागांनी मिळून केलेल्या कामांसाठी प्रदर्शनात वेगळे दालन ठेवावे लागले.

मला विचाराल, तर सप्ताहाचा प्राण तीन मिनिटांच्या भाषणांत आहे. संशोधक विद्यार्थ्याने आपला संपूर्ण प्रबंध, मागे एकच स्थिर चित्र ठेवून आणि हातात कोणतेही साधन न घेता, त्या विषयाशी संबंध नसलेल्या श्रोत्यांना तीन मिनिटांत सांगायचा, अशी ही स्पर्धा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 मध्ये सुरू केली. तिच्या कल्पनेचा उगमच पाणीटंचाईत आहे. क्वीन्सलँडमध्ये त्या सुमारास तीव्र दुष्काळ पडला होता, अंघोळ आटोपती घ्यावी म्हणून लोक न्हाणीघराच्या भिंतीवर तीन मिनिटे मोजणारे घड्याळ लावीत, आणि त्यावरून तेथील पदव्युत्तर विभागाच्या अधिष्ठात्यांना प्रबंधाच्या बाबतीतही अशी काटकसर सुचली. आमचा सूत्रसंचालक ही हकीकत दर वर्षी सांगतो, दर वर्षी ती मला तितकीच आवडते, आणि दर वर्षी ती सांगण्यात त्याची तीनहून अधिक मिनिटे जातात.

दगडफुलांवर संशोधन करणारी एक मुलगी चाचणी फेरीत इतक्या खालच्या आवाजात बोलली होती, की तिचे नाव यादीतून वगळावे असे काहींचे म्हणणे होते. अंतिम फेरीत तीच मुलगी पुढे आली आणि म्हणाली, “ज्याला मूळ नाही, त्याला हवेशिवाय आधार नाही.” दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन. त्याला मुळे नसतात, पाणी आणि क्षार ते थेट हवेतून व पावसातून घेते, त्यामुळे हवेतील सल्फर डायऑक्साइडची बाधा त्याला लवकर होते. हवा बिघडू लागली की आधी झुबक्यांनी लोंबणाऱ्या जाती नाहीशा होतात, मग पानांप्रमाणे पसरणाऱ्या जातात आणि अखेरीस खोडाला घट्ट चिकटलेल्या खरपुड्यांच्या जाती तेवढ्या तग धरतात. हे सारे तिने एकही अवघड संज्ञा न वापरता सांगितले, आणि आपण ज्या खोडांपाशी रोज थांबतो ती कोरी का आहेत, हा प्रश्न सभागृहाच्या मनात आपसूक उभा राहिला. घंटा वाजली तेव्हा तिचे शेवटचे वाक्य अर्धे झाले होते, आणि नियमाप्रमाणे ती तिथेच थांबली. तिला पारितोषिक मिळाले नाही. परीक्षकांचा पूर्ण मान ठेवून सांगते, की त्या निकालाविषयीचे माझे मत आजही बदललेले नाही.

विधी विभागाच्या एका विद्यार्थिनीने न्यूझीलंडमधील व्हांगानुई नदीचा विषय घेतला होता. 2017 च्या कायद्याने त्या नदीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्तीचा दर्जा दिला, आणि तिच्या वतीने बोलण्यासाठी एक पालक शासनाचा व एक नदीशी नाते सांगणाऱ्या माओरी समाजाचा, अशी तरतूद केली. नदी व्यक्ती असेल तर पुराच्या नुकसानीबद्दल तिच्यावर दावा लावता येईल का, असे विचारून ती खाली उतरली. या स्पर्धेत श्रोत्यांना प्रश्न विचारण्याची मुभा नसते, म्हणून जलशास्त्राचे एक प्राध्यापक तिला बाहेरच्या व्हरांड्यात गाठून बराच वेळ वाद घालत उभे होते. एरवी हे गृहस्थ कार्यक्रमात डोळे मिटून बसतात.

ज्याने काम केले त्यानेच ते सांगावे, मार्गदर्शकाने त्याच्या जागी व्यासपीठावर जाऊ नये, या नियमासाठी मी समितीत बरीच भांडले आहे. अमेरिकन संशोधिका युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली, आणि कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत अधिक तापते व निवायलाही अधिक वेळ घेते, असे 1856 मध्ये नोंदवले. त्यांचा निबंध अमेरिकेतील विज्ञान परिषदेत वाचला गेला खरा, पण तो वाचला जोसेफ हेन्री यांनी. वायू उष्णता कशी धरून ठेवतात यावरचे शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांचे प्रयोग 1859 मधले, तरीही दीर्घकाळ या विषयाचा आरंभ त्यांच्याच नावे लावला जात होता. समितीच्या बैठकीत मी हे उदाहरण दिले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ते रुचले नाही. नियम मात्र मंजूर झाला.

सायंकाळच्या सादरीकरणांपैकी दोनांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मिनेसोटा विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने 2013 मध्ये पृथ्वीच्या तापमानाची नोंद चेलोच्या स्वरांत बसवली होती, आणि त्याच तत्त्वावर आमच्या एका विद्यार्थ्याने प्रत्येक वर्षाला एक स्वर देऊन ती व्हायोलिनवर वाजवली. सुरुवातीला स्वर खालीवर होत राहतात, अखेरच्या भागात ते चढतात आणि पुन्हा मूळ जागी उतरत नाहीत. संगीत विभागातील जाणकारांना त्यात संगीत कमी वाटले, भौतिकशास्त्राच्या मंडळींना विज्ञान कमी वाटले, आणि मला ते पुन्हा ऐकायचे होते. दुसरे सादरीकरण ओझोनच्या विवरावरील एकांकिकेचे. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1985 मध्ये हा शोध प्रसिद्ध केला, त्यामागे अंटार्क्टिकातील हॅली तळावर 1950 च्या दशकापासून चाललेली ओझोनची मोजणी होती. नाट्यशास्त्राच्या मुलांनी रंगमंचावर बर्फ दाखवला नाही की वादळ दाखवले नाही. एक माणूस येऊन आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि जायचा, मग दुसरा यायचा. आकडे घसरू लागले तेव्हा वाचणाऱ्या नटाने वही पुन्हा पुन्हा तपासली, आणि तेवढ्यावर सगळे नाट्य उभे राहिले. 16 सप्टेंबर 1987 ला ओझोनचा नाश करणाऱ्या रसायनांना आवर घालणाऱ्या माँट्रियल करारावर सह्या झाल्या, हे त्यांनी पडद्यामागून एका वाक्यात सांगून एकांकिका संपवली. हे शहाणपण प्रत्येक वर्षीच्या नाटकात दिसते असे नाही.

आता त्या दोन रांगांविषयी. ही एकांकिका झाली तेव्हा तिथे विद्यापीठाच्या पदाधिकाऱ्यांपैकी कोणीही नव्हते. एका मोठ्या विभागाकडून, ज्याचे नाव मी घेणार नाही, दर वर्षी परीक्षेचे कारण येते, आणि त्या विभागाच्या परीक्षा नेमक्या आमच्याच आठवड्यात कशा पडतात याचा उलगडा वेळापत्रक पाहून होत नाही. विद्यार्थ्यांचेही सगळेच कौतुक करावे असे नाही. प्रमाणपत्रासाठी सकाळी सही करून निघून जाणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की अखेर प्रमाणपत्रे समारोपानंतरच द्यावीत असे ठरले, आणि त्या वर्षी सभागृहाची क्षमता किती आहे हे आम्हाला प्रथमच कळले.

लेखा विभाग दर वर्षी विचारतो की या सप्ताहातून निष्पन्न काय होते. प्रश्न गैर नाही. हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू केली तेव्हा तो हवेच्या दहा लाख भागांत सुमारे 315 भाग होता, आज तो 420 च्या पुढे गेला आहे. पैशांच्या अडचणीमुळे 1964 मध्ये ही मोजणी काही काळ बंद पडली आणि आलेखात तेवढी जागा मोकळी राहिली. सप्ताहाच्या अंदाजपत्रकाला मी हा आलेख जोडते. अंदाजपत्रक बहुधा काटछाट होऊन मंजूर होते. आलेखावर अभिप्राय अजून आलेला नाही.

ज्यांच्या जिवावर हा आठवडा उभा राहतो त्यांचा उल्लेख पुस्तिकेत एका ओळीत होतो, म्हणून इथे थोडा विस्तार करते. ग्रंथालयातील सहायक बाई भाषणांची घंटा वाजवतात आणि कुलगुरूंसाठीही ती लांबवीत नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतील परिचरांनी वाळवलेल्या नमुन्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या वाचून दिल्या नसत्या, तर निम्मे प्रदर्शन निनावी राहिले असते. माळीकाकांनी वृक्षफेरीत प्राध्यापकांच्या मागून चालत दोन झाडांची नावे सुधारली, तीही विचारल्यावरच. ध्वनिव्यवस्था पाहणारे आणि दिवे सांभाळणारे, रात्री उशिरा सभागृह बंद करणारे सुरक्षारक्षक, कचरा वेगळा करायचा फलक आम्ही लावला पण तो खरोखर वेगळा करणाऱ्या सफाई विभागातील भगिनी, छपाईची चूक आदल्या रात्री दुरुस्त करून देणारे मुद्रणालयातील कर्मचारी, श्रवणबाधित विद्यार्थ्यांसाठी सांकेतिक भाषेत प्रत्येक भाषण पोहोचवणाऱ्या दुभाषी, कुलसचिव कार्यालयात आमची फाइल वरच्या टेबलापर्यंत नेणारे लिपिक, आणि पाहुण्यांना वेळेवर आणणारे वाहनचालक, ज्यांचा उल्लेख मागच्या सर्व आभारप्रदर्शनांत राहून गेला आहे, या सर्वांचे ऋण मोठे आहे. स्वयंसेवकांची यादी पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापली जाते. यंदा तीत नोंदणीच्या टेबलावर सातही दिवस बसलेल्या दोन मुलींची नावे सुटली आहेत. ती पुढच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर यावीत, असे मी समितीला लेखी कळवले आहे आणि पत्राची पोचही घेतली आहे.