शाळेतला नाताळ

आज लेकीच्या शाळेत, वांद्र्याला, नाताळचा कार्यक्रम झाला. सिस्टरांचं भाषण लांबलं, ते सोडून देऊ. गव्हाणीच्या देखाव्यात योसेफ झालेला मुलगा मुसलमान आणि मारिया आमच्याच बिल्डिंगमधली कोकणस्थ! दाढी सारखी घसरत होती, पण पठ्ठ्या एका हाताने ती धरून संवाद म्हणत राहिला. दहावीवाल्यांना प्रिलिममुळे एकच गाणं मिळालं होतं. त्यांनी ते मराठीत म्हटलं आणि मागच्या रांगेतल्या आज्या चक्क उठून टाळ्या वाजवू लागल्या.

आज्या ईस्ट इंडियन. कित्येकांना अजून वाटतं ही मंडळी गोव्याची. अहो, ती इथलीच, मुंबई-साष्टी-वसईची, घरात मराठीची बोली बोलणारी. पोर्तुगीज काळात पूर्वज ख्रिस्ती झाले; १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी अधिकृतपणे घेतलं. नाव ऐकून गोंधळ होतो खरा.

त्यांच्याच स्टॉलवर गरम फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे गोल गोळे, तळत होते. मी किती खाल्ले ते विचारू नका. स्टॉलचे पैसे वृद्धाश्रमातल्या ब्लँकेटांसाठी जाणार आहेत, हिशेब मुलंच ठेवतायत. ‘पुढच्या वर्षी तळायला तू ये हां,’ एका आजीने फर्मावलं. मी होही म्हणून बसले!