तुम्ही विचारलंत म्हणून : वटवाघळाचा पंख आणि पक्ष्याचा पंख

जीवशास्त्र शिकवू लागल्यापासून एक प्रश्न मला दरवर्षी हमखास विचारला जातो : वटवाघळाचा पंख आणि पक्ष्याचा पंख हे समजात अवयव की कार्यसदृश? एका पुस्तकात एक उत्तर सापडते, दुसऱ्यात नेमके उलट, आणि विचारणारा गोंधळतो. उत्तरे दोन्ही बरोबर आहेत. प्रश्नात ‘कशाच्या नात्याने?’ एवढे विचारायचे राहून गेलेले असते.

एकाच पूर्वजाकडून वारशाने आलेले अवयव समजात, मग आज त्यांचे काम काहीही असो. काम सारखे, पण वारसा सामाईक नाही, ते कार्यसदृश. इंग्लिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४३ मध्ये या दोन संज्ञांच्या व्याख्या केल्या, तेव्हा त्यांत पूर्वजाचा उल्लेख नव्हता. तो अर्थ डार्विन यांच्यानंतर आला.

आमच्या प्रयोगशाळेतील वटवाघळाचा सांगाडा मी विद्यार्थ्यांना नेहमी खांद्यापासून पाहायला सांगते. दंडाचे एक हाड, कोपर, मनगट, आणि तिथून फुटलेली काडीसारखी बारीक, अतिशय लांब अशी चार बोटे, ज्यांच्यावर पंखाचा पडदा ताणलेला असे. अंगठा मात्र आखूड, मोकळा आणि नखी असलेला. शेजारच्या पक्ष्याच्या सांगाड्यातही दंड, कोपर आणि मनगट त्याच क्रमाने येतात, पण पुढे पंजाची हाडे एकमेकांत मिसळून गेलेली असून बोटे तीनच उरली आहेत, आणि हवा कापण्याचे काम त्वचेतून उगवणाऱ्या पिसांकडे आहे. या दोघांचा शेवटचा समान पूर्वज तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा, चार पायांवर चालणारा. म्हणून पुढचा पाय या नात्याने हे अवयव समजात आहेत, आणि पंख या नात्याने कार्यसदृश, कारण उडण्याची सोय प्रत्येकाने स्वतंत्रपणे साधली. फुलपाखराच्या पंखात हाडच नसल्यामुळे तिथे हा पेच उद्भवत नाही.

डोळ्याचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. माणसाच्या आणि ऑक्टोपसच्या डोळ्यांत भिंग आहे, मागे प्रकाश टिपणारा पडदा आहे; तरी आपल्या डोळ्यात चेतातंतू त्या पडद्याच्या पुढून जातात आणि बाहेर पडताना एक अंधबिंदू ठेवतात, तर ऑक्टोपसमध्ये ते मागून निघत असल्याने अंधबिंदू नसतो. भिंगाचा डोळा म्हणून ते कार्यसदृशच. पण १९९५ मध्ये स्विस जीवशास्त्रज्ञ वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत उंदराचे पॅक्स-६ हे जनुक फळमाशीच्या शरीरात भलत्याच जागी कार्यान्वित केले, तेव्हा तिच्या पायावरसुद्धा डोळ्याची ऊती तयार झाली. जनुक उंदराचे असूनही ती ऊती माशीच्याच, अनेक छोट्या भिंगांनी बनलेल्या संयुक्त डोळ्याची होती. म्हणजे डोळ्याची घडण सुरू करणारे जनुक समजात, आणि त्यातून घडणारे डोळे मात्र निरनिराळे.