किशोर कादंबरीचं काम: आखाजीपासून दवाखान्यापर्यंत

कादंबरीचा खर्डा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुढे सरकला. सांगाडा तोच: अमळनेरजवळचं गाव, अकरावीतली मयूरी, ऐन थंडीत अपघातात गेलेला दादा आणि त्यानंतर हळूहळू सुटत गेलेलं तिचं जेवण. बदलली ती सगळ्यात अवघड प्रसंगाची जागा.

आराखड्यात तो दवाखान्यात दाखल होण्याचा होता. आता तो बराच पुढे गेलाय. लांबलेल्या उपासमारीत भावना बधिर होतात. अन्न पोटात जाऊ लागलं, वजन सावरलं की दाबलेलं दुःख वर येतं. म्हणून मयूरी दादासाठी पहिल्यांदा रडते ती घरी परतल्यावर, शेजारची काकू "आता कशी भरलीस!" म्हणते त्या आठवड्यात. कौतुक तिला टोचतं. ते समजावून सांगायचं नाही, ताट मागे सरकलं की वाचकाला कळतं.

न जेवण्याच्या या आजाराच्या खुणा पेरताना उपवासाचा आडोसा फार उपयोगी पडतो. एकादशी, शनिवार, "दादासाठी सोडलंय"; आपल्याकडे पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. फक्त उपवास करणारी पोरगी भगर-शेंगदाण्याची आमटी तरी खाते, मयूरी तीही टाळते. मे महिन्यात सगळे ओट्यावर झोपलेत आणि ही गोधडी ओढून. हातावर बारीक लव, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, पाळी बंद. बिबडे (ज्वारीचे पापड) ती एकटी घालते, पण त्यांचा शिजवलेला घाटा चाखत नाही. उपाशी माणसाचं मन अन्नाभोवतीच फिरतं. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ पुरुषांवर उपासमारीचा प्रयोग झाला, त्यात काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले होते. तिचं रांधणं तिथून सुचलं.

आकडे मात्र कुठेच नाहीत. वजन, कॅलरी, कपड्यांचं माप, अन्न लपवायच्या युक्त्या, सगळं गाळलं. आजारी वाचकाला तो आकडा पैजेसारखा लागतो. जागेपणी नाडी मिनिटाला ५०च्या खाली गेली तर दाखल करायचा विचार होतो. पानावर डॉक्टर फक्त मनगट धरून घड्याळ बघतात आणि पुन्हा मोजतात.

धुळ्याच्या दवाखान्यातलं प्रकरण सगळ्यात जमलंय. मामी डब्यात पुरणपोळी आणि वाटीभर तूप आणते, सिस्टर डबा बाजूला ठेवते, मामी चिडते. दोघींचंही बरोबर वाटलं पाहिजे. उपाशी शरीरात अचानक भरपूर गोडधोड गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. धोका पहिल्या काही दिवसांतच जास्त. त्यामुळे आधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व), रोज रक्ततपासणी, पोटॅशियम-मॅग्नेशियमवर नजर आणि आहार डॉक्टर ठरवतील तसा वाढवत नेलेला. घाईने एका प्रकरणात ठणठणीत केलेली नायिका खोटी वाटते ती इथेच.

घरी आल्यावर वाढायचं काम आईबाबांकडे. निवड मयूरीच्या हाती परत येते ती टप्प्याटप्प्याने. इथे संवाद घसरतात. "माझ्यासाठी खा गं" यात अपराधाचं ओझं आहे. आईला दिलेलं वाक्य: "ही भाकरी आताची. मी बसलेय." आजीचं "खाई ले व माय" तेवढं ठेवलं, आजी दुसरं काय म्हणणार!

दुःखाला नकारापासून स्वीकारापर्यंतच्या पाच पायऱ्यांची शिडी लावलेली नाही. मनोविकारतज्ज्ञ कुब्लर-रॉस यांची ही १९६९ची मांडणी मुळात मरणासन्न रुग्णांबद्दलची होती. स्ट्रोब आणि शुट या मानसशास्त्रज्ञांचं १९९९चं प्रारूप कथेला जास्त मानवतं: माणूस दुःखाकडे जातो, रोजच्या कामाकडे वळतो, पुन्हा जातो. आखाजीची घागर भरली, आगारी टाकली (विस्तवावर नैवेद्य) आणि दुपारी मयूरी गणिताची वही काढून बसली. हे कोरडेपण नव्हे, पण पहिल्या वाचनात काहींना तसंच वाटेल. आजीच्या नजरेतून एक ओळ घालायची आहे.

बाकी: वर्षश्राद्ध, शेतातली भरीत पार्टी (पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली वांगी हा दादाचा प्रांत होता) आणि एकदा परत घसरणं. शेवटच्या पानावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, मोठ्या अक्षरात.